एक्स्पोर्टचे दिवे

"बाई, आरसा लिहून घ्या," असं म्हणत दस्तूमामांनी माझ्या टेबलावर आरसा ठेवला. आरसा म्हणजे पत्र्याची चौकट आणि तिला चिकटून राहिलेले दोन-तीन तुकडे. बाकीचा आरसा कुंभार्ली घाटात पडला होता.

"डावा की उजवा?" मी विचारलं. खर्ची टाकताना तेवढं लागतं.

"डावाच. हल्ली उजवं काय फुटतच न्हाई. जे जातंय ते डाव्या अंगाचं."

ते खरंच होतं. आधी डावं मडगार्ड चेपलं, मग डावा इंडिकेटर गेला, आणि आता आरसा. गाडी उजव्या अंगानं नवरीसारखी आणि डाव्या अंगानं तंटामुक्तीला आलेल्या माणसासारखी दिसत होती.

मी तेव्हा मल्हारपेठेत जानाई ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहायला होते. कऱ्हाडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं आवार. इकडून साखर, गूळ, विटा घाट उतरून कोकणात जायच्या आणि तिकडून जे मिळेल ते वर यायचं. दस्तूमामा, म्हणजे दस्तगीर मुलाणी, आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. घाटातल्या वळणांना त्यांनी नावं ठेवली होती. एकाचं नाव सासूबाई. का, विचारलं तर म्हणायचे, "एकदम समोर येती." अशा माणसाची गाडी कठड्याला घासते हे मला पटत नव्हतं. पण माझं काम पटवून घ्यायचं नव्हतं, लिहून घ्यायचं होतं.

"कसं झालं?" मी विचारलं.

"डावी कड दिसत न्हाई, बाई. उजवीकडं निस्ता लखलखाट. समोरनं येणारा डोळ्यांवर हात घेतोय, वर शिव्या देऊन जातोय. आन् माझ्या अंगाला दरी हाय का गटार, कळायला मार्ग न्हाई."

तेवढ्यात मालक आत आले. रंगराव साळुंखे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आप्पांना एखादी वस्तू स्वस्त मिळाली की आनंद व्हायचा, आणि ती महागाची आहे असं लोकांना वाटलं की परमानंद. गाड्यांचे हे नवे दिवे त्या परमानंदातले होते. न्हावा शेवा बंदराकडचा एक दलाल त्यांना भेटला होता. परदेशी जायला निघालेला मोटारींच्या दिव्यांचा माल काही कारणानं धक्क्यावरूनच मागं फिरला होता. तो का फिरला, हे आप्पांनी विचारलं नाही. 'एक्स्पोर्टचा माल' एवढे दोन शब्द त्यांना पुरले.

सगळ्या गाड्यांचे जुने दिवे काढले आणि हे बसवले. नारळ फोडला, पेठेतल्या प्रतिष्ठितांना पेढे वाटले. उरलेल्या मालाची एजन्सी काढायची म्हणून आवाराच्या भिंतीवर 'एक्स्पोर्ट क्वालिटी हेडलाइट' असं रंगवूनही घेतलं. ड्रायव्हर मंडळींनी कौतुकाचा पाऊस पाडला. "आप्पा, दिवस उगवल्यागत वाटतंय!" मी बसल्या बसल्या एक गोष्ट टिपली होती. ज्याची गाडी दिवसाउजेडी जाऊन येत होती, त्याचा आवाज कौतुकात सगळ्यांत मोठा होता.

"काय फोडलंस आज?" आप्पांनी विचारलं.

"आरसा. आप्पा, एक सांगू का? दिवा चुकीच्या बाजूला बघतोय."

आप्पा हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलं का जंगमबाई? दिवा बघतोय म्हणे. अरे, दिव्यानं उजेड पाडायचा. बघायचं काम तुझं!"

"उजेड पाडतोय, पण दुसऱ्याच्या दारात."

"एक्स्पोर्टचा माल आहे तो! परदेशातले लोक काय येडे आहेत?"

"त्यांनी घेतला कुठं?" मामा म्हणाले. "परत पाठवला न्हवं?"

हे बोलायला नको होतं. आप्पांचा चेहरा बदलला. पण त्यांना स्वतःची न्यायबुद्धी फार आवडायची, म्हणून त्यांनी गजाला बोलावणं धाडलं.

गजा म्हणजे गजानन, पेठेतला मोटारींचा वायरमन. दिवे त्यानंच बसवले होते, म्हणजे आता चौकशीही त्याची आणि आरोपीही तोच. दिवेलागणीला गाडी गोदामाच्या भिंतीसमोर उभी केली. आप्पांना खुर्ची दिली. मी दाराशी उभी राहिले.

गजानं आधी वायरी हलवल्या. मग अर्थिंग घासलं. मग रिले बदलला. भिंतीवर उजेड पडला तो सगळ्यांनी पाहिला. डाव्या अर्ध्या भागात कमरेइतक्या उंचीवर सरळ कापल्यासारखी रेघ, खाली उजेड, वर काळोख. मधोमध आल्यावर ती रेघ एकदम उजवीकडे वर चढत गेलेली, थेट पत्र्यापर्यंत.

"बघा," दस्तूमामा म्हणाले. "हितनं वर चढलाय का न्हाई? उजवीकडं?"

"वर चढतोय ते चांगलंच आहे," आप्पा म्हणाले. "उतरत असता तर अपशकुन."

गजानं दोन्ही दिवे आळीपाळीनं हातानं झाकून पाहिले आणि निकाल दिला. "आप्पा, एक वाकडा असता तर वाकडा म्हणलो असतो. दोन्ही एकासारखे एक आहेत. म्हंजे सरळच आहेत."

आप्पांनी मामांकडे असं पाहिलं की जणू कोर्टाचा शिक्का बसला. दोघं मिळून सारखं चुकले की बरोबर होतात, हे तत्त्व मी पुढं बऱ्याच ठिकाणी लागू झालेलं पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं ते त्या भिंतीवर.

तरी गजानं हार मानली नाही. पुढचे काही दिवस रोज काहीतरी चालू होतं. दिव्यांचे स्क्रू फिरवून उजेड वर घेतला, तर समोरच्या गाडीवाल्यानं मामांच्या सात पिढ्या काढल्या. खाली घेतला, तर बोनेटच्या पुढं दोन हात जमीन दिसायला लागली. "बाई, मुंगी दिसली," मामा सांगायचे, "पण घाट काय दिसंना." मग जास्त ताकदीचे बल्ब घातले. त्या रात्री पाटणच्या पुढं होल्डर वितळून जळका वास सुटला. शेवटी गजानं बंपरला नवं लिंबू-मिरची बांधलं आणि "आता बघा" म्हणाला.

मामांनी मात्र स्वतःच्या डोक्यानं एक केलं. काळी चिकटपट्टी आणली आणि दोन्ही दिव्यांच्या काचांवर एकाच बाजूला तिरपी चिकटवली. भिंतीवरची ती चढणारी रेघ मोडली. त्या फेरीत समोरून शिवी आली नाही, काही फुटलंही नाही. फक्त सकाळी गाडी आवारात आली तेव्हा आप्पा गेटपाशीच दात घासत उभे होते.

"हे काय? एक्स्पोर्टच्या दिव्याला पट्ट्या? पाहुणे यायचेत आपल्याकडे, दस्तू! अपघातातनं उठून आल्यासारखी दिसतीय गाडी!" त्यांनी नखांनी पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि काच धोतरानं पुसली.

मग निकाल लागायला वेळ लागला नाही. दिवे सरळ आहेत, वायरी ठीक आहेत, लिंबूही ताजं आहे. उरलं कोण?

"दस्तू, तुझे डोळे गेले," आप्पा ऑफिसात बसून म्हणाले. त्यांनी मामांना समोरच्या स्टुलावर बसवलं होतं आणि पुढं वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "डावा डोळा. मी सांगतो ना. डावीकडचं दिसत नाही म्हणतोस, मग दुसरं काय असणार?"

"डोळा डावा असला म्हणून डावीकडचंच दिसतंय व्हय, आप्पा? एक डोळा झाकून बघा की."

"मला शिकवू नकोस. प्रीतम, तू सांग."

प्रीतम म्हणजे आप्पांच्या बहिणीचा मुलगा. नुकतंच लायसन हाती आलेलं. त्याला आप्पांनी मामांची गाडी देऊन एकदा चिपळूणला पाठवलं होतं आणि गाडी ओरखडा न उमटता परत आली होती.

"आप्पामामा, मला तर झाडावरचं पाखरू दिसलं," प्रीतम म्हणाला.

"डाव्या बाजूच्या झाडावरचं?"

"दोन्ही बाजूच्या!"

आप्पांनी हात पुढं केला. दस्तूमामांनी खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली. प्रीतमनं ती उचलली. आप्पा म्हणाले, "तू आता गेटवर बस. आलेल्या-गेलेल्या गाड्या बघ. आमच्या पोरीचा, ऋतुजाचा साखरपुडा होऊन जाऊ दे, मग गाडी कायमची प्रीतमकडे लावतो."

मामा स्टुलावरून उठले आणि गेटकडे निघाले. काय झालंय ते आम्हा चौघांनाही कळत होतं. चावी गेली तर दुसरीकडे मिळते. डोळे गेल्याचं नाव झालं की कऱ्हाडपासून चिपळूणपर्यंत एकही मालक चावी देत नाही. ड्रायव्हर चोर असला तरी त्याला गाडी मिळते, पण आंधळा म्हटला की संपलं.

मामा गेटवर बसायला लागले. मी दुपारचा चहा तिकडेच पाठवायचे, कधी स्वतः न्यायचे. एकदा म्हणाले, "बाई, हितं बसून एक कळलं. ते पोरगं आवारातनं गाडी काढतंय आणि कडेला लावून थांबतंय. चिपळूणची एसटी गेली की तिच्या शेपटाला लागतंय. घाटभर एसटीच्या मागच्या लाल दिव्यांवर डोळे लावून जायचं म्हणल्यावर पाखरू काय, पाखराचं अंडं बी दिसंल."

"मग आप्पांना सांगा ना."

"गेटवरच्या माणसाचं?" मामांनी बशीतला चहा ओढला. "स्टेरिंगवर होतो तवा ऐकलं न्हाई."

साखरपुडा आवारातच ठेवला होता. गाड्या बाहेर काढून मोठा मांडव घातला. आप्पांना बंगल्यापेक्षा आवार दाखवायचं होतं, भिंतीवरच्या पाटीसकट. मुलगा साताऱ्याच्या घोरपड्यांचा, नाव संग्राम, दुबईला एका कंपनीत मालवाहू गाड्यांच्या देखभालीवर होता. आप्पा येईल त्याला सांगत होते, "जावई एक्स्पोर्टचा, दिवे एक्स्पोर्टचे!" जावयाचा माल मात्र परत फिरलेला नाही, एवढी खात्री त्यांनी करून घेतली होती.

स्टेजवर दोन बाजू केल्या होत्या. समोरून पाहिलं तर उजव्या हाताला मुलीकडचे, डाव्या हाताला मुलाकडचे. मधे गालिचा, पाट, ओटीची ताटं. सूर्य मावळला, दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींच्या साड्यांची किंमत मनात लावून झाली, भटजींनी कलशाला हात घातला आणि लाइट गेली.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, त्याचं कुणाला नवल नव्हतं. जनरेटर आणला होता. पण त्यात डिझेल घालायचं काम प्रीतमकडे होतं, आणि प्रीतम नव्या सुटात स्टेजवर फोटोसाठी उभा होता. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"थांबा, थांबा!" अंधारात आप्पांचा आवाज आला. त्यात काळजी नव्हती, उलट सणाचा उत्साह होता. "आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. दस्तू! गाडी आण रे, मांडवाकडं तोंड करून लाव. बघू दे पाहुण्यांना!"

आमच्याकडे ही रीतच आहे. कुस्त्या असोत, लग्न असो, लाइट गेली की गाडी वळवून तोंड मांडवाकडं करायचं. दस्तूमामा गेटवरून उठले. प्रीतमनं स्टेजवरून चावी फेकली. मामांनी ती अंधारात झेलली, हे मी पाहिलं. डोळे गेलेल्या माणसानं.

गाडी आली. आचाऱ्यांच्या कढया एका बाजूला आणि पाहुण्यांच्या मोटारी दुसऱ्या बाजूला. मधल्या बोळात ती नीट बसली आणि जागेवर रुतून राहिल्यासारखी उभी राहिली, इकडे-तिकडे वळवायला वीतभर जागा नव्हती. मामांनी दिवे लावले, अप्परवर. सगळा मांडव पांढरा झाला. बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले, मुलाची आत्या किंचाळली, "अगं बाई, डोळे फुटले!"

"डिप्पर मार, डिप्पर!" आप्पा ओरडले.

मामांनी डिप्पर मारला.

उजवीकडे सगळं साळुंखे घराणं झगझगून निघालं. मुलीच्या मावशीच्या नथीचे मोती मोजता आले असते. आप्पांचा फेटा, प्रीतमची टाय, टायवरचा डाग, सगळं स्वच्छ. आणि डावीकडे गुडघ्यापर्यंत उजेड, त्याच्या वर काळोख. घोरपड्यांचं फक्त पायताण दिसत होतं. कोल्हापुरी चपला, पैठणीचे काठ, नवरदेवाचे चकचकीत काळे बूट. वर धड नाही, तोंड नाही.

मग त्या काळोखातून मुलाच्या वडिलांचा, उत्तमरावांचा आवाज आला. "साळुंखे, आम्हाला अंधारात बसवायला बोलावलंय का?"

"नाही नाही, पाव्हणं! दस्तू, अरे नीट लाव की!"

"नीटच लावलीय, आप्पा," मामा केबिनमधून म्हणाले. "घाटात अशीच दिसती."

"तुझा तो डावा डोळा..."

"माझा डोळा ऱ्हाऊ द्या. तुमाला व्याह्यांचं तोंड दिसतंय का, तेवढं सांगा."

मांडवात दीड-दोनशे माणसं होती. मी गर्दीकडे वळून पाहिलं. इतक्या माणसांचे डावे डोळे एकाच मिनिटाला गेले असतील, तर ती साथच म्हणायची. हे मी मनातच म्हटलं, पण मागच्या रांगेतल्या कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, आमालाबी न्हाई दिसत!" आणि हशा पिकला.

"आज पुढं एसटी न्हाई, प्रीतम," मामा म्हणाले. प्रीतमनं टाय सैल केली.

आप्पांना एकच उपाय सुचला. "असं करू, पाव्हणं. जागा बदलू. तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे जातो."

"म्हणजे मुलीकडच्यांनी उठवलं आणि आम्ही उठलो, असं सांगायचं का साताऱ्यात?" चपलांची एक जोडी उभी राहिली. तिच्या शेजारची दुसरीही. जोडे दाराच्या दिशेनं वळताना मला स्पष्ट दिसले, कारण दिसत तेवढेच होते. ऋतुजा उजेडात बसली होती आणि तिचे डोळे भरून आलेलेही सगळ्यांना दिसले. त्या क्षणी आप्पांचा फेटा पहिल्यांदा वाकडा वाटला.

मग ते चकचकीत काळे बूट स्टेजवरून खाली उतरले. उजेडात आल्यावर वर नवरदेव तयार झाला. संग्राम सरळ गाडीसमोर गेला, खाली वाकून काचेवर हात धरला, हाताची सावली मांडवावर कुठं पडते ते पाहिलं.

"मामा, या दिव्यांनी डावी कड दिसत नसेल ना तुम्हाला?" त्यानं केबिनकडे बघून विचारलं.

"न्हाई दिसत, साहेब."

"आणि समोरचे शिव्या देत असतील."

"पोटभर."

संग्राम हसला आणि आप्पांकडे वळला. "आप्पा, हे आमच्या तिकडचे दिवे आहेत. दुबईला गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात. आपल्या बाजूची कड लांबवर दिसावी म्हणून तिकडच्या दिव्याचा उजेड उजवीकडे वर चढवलेला असतो. आपण इथं डाव्या अंगानं जातो. मग तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपली कड अंधारात राहते. स्क्रू फिरवून काही होत नाही, काचेची आणि आतली घडणच तशी असते." त्यानं बोनेटवर थाप मारली. "दिवा चुकीच्या बाजूला बघतोय."

मी आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. वाक्य तेच होतं, शब्द तेच होते, काना-मात्रेचा फरक नव्हता.

"वा!" आप्पा म्हणाले. "बघा! याला म्हणतात शिक्षण! इतके दिवस आमच्याकडे एकालाही हे कळलं नाही!"

केबिनमध्ये दस्तूमामा खोकले.

कुणीतरी आपल्या मोटारीतून डिझेल काढून जनरेटरला पाजलं. उत्तमरावांना मुलानं हात धरून बसवलं. उशिरा का होईना साखर वाटली गेली, आणि व्याह्यांनी एकमेकांना पेढा भरवताना कुणाचं तोंड कुठं आहे हे दोघांनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांचे दिवे उतरले आणि जुने चढले. गजा म्हणाला, मला पहिल्यापासून संशय होता. एजन्सीची पाटी चुन्याखाली गेली. आप्पांनी चावी मामांना परत दिली, ती सुद्धा अशी की जणू बक्षीस देतायत. "घे. जावयानं शोधून काढलं म्हणून वाचलास. डोळे एकदम उत्तम आहेत तुझे."

खरं म्हणजे इथं हिशेब मिटायला हवा होता. मी तर मनातल्या मनात खाली दुहेरी रेघही ओढली. पण जुन्या दिव्यांनी पहिली फेरी मारून मामा आले आणि त्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली, आरसा ठेवला होता तिथंच.

"काय फुटलं?" मी विचारलं.

"काय न्हाई. डावी कड लख्ख दिसली." त्यांनी स्टूल ओढलं. "पर समोरनं गाडी आली की तिच्या दिव्याभोवती कडी दिसत्यात. गोल गोल. रंगीत. उजवा डोळा झाकला की जात्यात."

मी वही मिटली. "मामा, कालच चावी मिळालीय तुम्हाला. किती दिवस गेटवर काढलेत. त्या कड्यांचं कुणी विचारलंय का?"

"न्हाई विचारलं."

"मग?"

"दिव्याचं सांगितलं तवा तरी कुणी विचारलं हुतं?" मामा स्टुलावर बसले. "बाई, दरीला काय, दिव्याचा दोष आन् डोळ्याचा दोष सारखाच."

ते उठून आप्पांकडे गेले. मी मागोमाग गेले, कारण असली फेरी हिशेबात कुठं धरायची ते मला कळेना. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला.

"काहीतरी बोलू नकोस. दोष दिव्यात होता. जावयानं दीडशे माणसांसमोर सिद्ध केलंय. दिव्यात होता म्हणजे तुझ्यात नाही. दोष काय दोन-दोन ठिकाणी असतो?"

"आप्पा, कडी दिसत्यात मला."

"दिसतायत ना? मग डोळा चांगलाच आहे! आंधळ्याला कडी दिसतात का?"

"मी घाटात गाडी घालणार न्हाई, आप्पा."

"म्हणजे माझ्या जावयाला खोटं पाडतोस?"

असं ते दोन दिवस चाललं. एक माणूस आपला डोळा अधू आहे म्हणून हात जोडत होता आणि दुसरा त्याला तो निरोगी असल्याचं बजावत होता. प्रीतमला गाडी घे म्हटलं तर त्यानं पोटात कळ आल्याचं सांगितलं. गाडी आवारात उभी, माल गोदामात उभा.

शुक्रवारी जावयांचा दुबईहून फोन यायचा, तिकडे सुट्टी असायची. त्या शुक्रवारी तो ऑफिसात आला आणि मी उचलला. आप्पांना देण्याआधी मी एवढंच म्हटलं, "संग्रामराव, दस्तूमामांना समोरच्या दिव्याभोवती कडी दिसतात. उजव्या डोळ्यानं." आणि रिसीव्हर आप्पांच्या हातात दिला.

"हां... हां... बोला जावईबापू..." आप्पा ऐकत राहिले. "मोतीबिंदूची सुरुवात? असेल, असेल... कऱ्हाडला ऑपरेशन... साधं असतं, हो ना... नाही नाही, गाडी कशाला देतोय दुसऱ्याला! दस्तूचीच आहे ती. बरा होईस्तोवर उभी राहील. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर..."

गाडी खरंच उभी राहिली, आणि डोळ्याची पट्टी सुटल्यावर मामांनी ती पुढं बरीच वर्षं चालवली. सासूबाईचं वळण त्यांनी पुन्हा कधी घासलं नाही. पण तो शब्द पाळला जाणार हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं, कारण तो जावयाला दिलेला होता.

आप्पांनी फोन ठेवला. मामा दारात उभे होते. आप्पांनी त्यांना बोलावून समोरच्या स्टुलावर बसवलं, पुढं वाकले आणि त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहिलं.

"बघ दस्तू. मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत होतो का नाही? डोळ्याचं बघ म्हणून?"

"सांगत हुता, आप्पा. पर तुमी डावा म्हणत हुता. ह्यो उजवा हाय."

आप्पा जरासुद्धा अडखळले नाहीत. त्यांनी बोट उचलून मामांच्या उजव्या डोळ्यावर रोखलं.

"अरे, मी समोर बसून सांगत होतो. माझ्या बाजूनं तो डावाच येतो."